माळवदावरची खापरं

मला राग आला की मी भांडत नाही, डूख धरते. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते, मिरजगाव आणि जामखेडच्या मधल्या माळावरच्या एका गावात. ते म्हणायचे, "ही ओरडली तर काळजी नाही. गप्प बसली की जपून राहा." माझ्या सरांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ पडला त्या वर्षी मी पुण्यात शिकून नुकतीच तिथल्याच सरांच्या हाताखाली संशोधनाला लागले होते. काम असं होतं की आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेकडचे जुने तलाव बघायचे आणि त्यांना क्रमांक लावायचे. तलावाच्या तळाशी गाळ थरावर थर साठत जातो. कुठल्या काळी काय उगवत होतं, पाऊस कसा होता, हे त्या थरांतल्या परागकणांवरून आणि कोळशाच्या कणांवरून कळतं. पण असा गाळ तपासणं हे काही फावल्या वेळचं काम नाही, आणि मंजुरी होती एकाच तलावापुरती. मग तो एक कुठला? सरांनी युक्ती काढली होती. ज्या तलावाच्या आसपास जुनी माणसं राहिल्याचा पुरावा असेल, म्हणजे खापरं, दगडी हत्यारं, राख, त्याला गुण द्यायचे. पुरावा जितका जवळ, तितके गुण जास्त. म्हणजे एकाच ठिकाणी हवामानही वाचता येईल आणि माणूसही. युक्ती चांगली होती, उगीच खोटं कशाला बोलू?

निघतानाच सर म्हणाले होते, "तुम्ही सुचवलेला तलाव पहिला आला, तर अहवालावर माझ्या नावाशेजारी तुमचं नाव येईल." मी ते मनात पक्कं धरलं. माझा तलाव ठरलेलाच होता.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एक पसरट तलाव आहे आणि त्याच्या काठाला लागून पांढर. पांढर म्हणजे जुन्या, उजाड झालेल्या वस्तीचं टेकाड. माती भुसभुशीत, राखेसारखी. आमच्याकडची घरं माळवदाची, म्हणजे वर सपाट मातीचं छप्पर. दर उन्हाळ्यात त्यावर पांढरीच्या मातीचा नवा थर टाकून धोपटायचा, मग पावसात ते गळत नाही. आम्ही पोरं टोपल्या घेऊन ती माती आणायला जायचो. तिच्यात लाल खापरं निघायची, वर काळ्या रेघा ओढलेली. आम्ही ती घेऊन ठिकरी खेळायचो. त्या खापरांना हजारो वर्षं झालीत हे मला पुण्याला गेल्यावर कळलं, आणि तेव्हापासून तो तलाव माझ्या डोक्यात बसला तो बसलाच.

पण मी सरांना घेऊन गेले तेव्हा पांढरीची पार रया गेली होती. पांढरीची माती माळवदाला लागते तशी खत म्हणून शेतातही टाकतात. लोकांनी गाड्या लावून अर्धंअधिक टेकाड उचलून नेलं होतं. सर काठावर उभे राहिले, रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, "इथे काय आहे? खड्डा आहे." आमचा तलाव सगळ्यांत शेवटी गेला.

पहिला नंबर लागला सडकेकाठच्या तलावाचा, मिरजगावच्या अलीकडे. तिथं जीप थेट काठापर्यंत जायची आणि तिथल्या बागायतदारांच्या शेतांत पाय टाकाल तिथं खापरं होती. लाल, काळ्या रेघांची. सर हरखून गेले, वाकून वाकून वेचत सुटले. मी एक उचललं. कडा झिजलेल्या, भेगांत तीच राखाडी भुकटी. अगं बाई, म्हटलं, ही तर आमच्याकडची! खापरं तिथली नव्हतीच. ती बैलगाडीत बसून दोन-तीन कोस आली होती. ज्याच्या दारात गाड्या जास्त, त्याच्या शेतात पुरावा जास्त, एवढाच त्याचा अर्थ होता.

"सर," मी म्हटलं, "ही माती खतासाठी आणलेली दिसते. इकडचे शेतकरी पांढर खणून..."

"बाई, जरा चहाचं बघता का?"

मी चहाचं बघितलं. जीपमध्ये आम्ही तिघंच असायचो, सर, मी आणि ड्रायव्हर. पण स्टोव्ह पेटवायचं काम कुणाचं हे पहिल्या दिवशीच ठरून गेलं होतं. चहा झाल्यावर मी पुन्हा विषय काढला. सरांनी कप खाली ठेवला आणि ड्रायव्हरसमोर म्हणाले, "हे बघा, गावाकडच्या गप्पा शास्त्रात चालत नाहीत. आणि आपल्या गावचा तलाव पुढं रेटायचा म्हणून काहीही बोलायचं, हे तुम्हाला शोभत नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली. मला खोटारडी म्हटलं होतं, आणि तेही माझ्याच मातीवरून! कप विसळले, पिशवीत भरले, आणि गप्प बसले. सर मला नंतर म्हणालेही, "आता कशा शहाण्यासारख्या वागताय."

थोड्याच दिवसांत वडिलांकडून निरोप आला. आमचा तलाव ठणठणीत कोरडा पडला होता आणि त्याचा गाळ काढायचं दुष्काळी काम निघणार होतं. एकदा का तो गाळ घमेल्यांनी बाहेर गेला, की हजारो वर्षांचे थर उलटेपालटे होऊन बांधावर पडणार. मग पहिला काय आणि शेवटचा काय! काम सुरू व्हायच्या आत क्रमांक बदलायला हवा होता. आणि बदलताना सरांची जिरायला हवी होती. दोन्ही हवं होतं, हे मी लपवत नाही.

संधी सरांनीच आणून दिली. ज्यांच्या कचेरीनं या कामाला मंजुरी दिली होती ते मोठे साहेब पाहणीला येणार होते. सडकेकाठचा तलाव त्यांना दाखवायचा, त्यांनी मान डोलावली की खणायला सुरुवात. सर म्हणाले, "जेवणाची व्यवस्था तुमच्याकडे. जरा नीट करा, नाक कापू नका." मी म्हटलं, "हो सर." आणखी काय म्हणणार? नाक कुणाचं कापायचं ते मी ठरवलं होतं.

मी त्या तलावाकाठच्या एका बागायतदाराकडे जेवण ठरवलं. माणूस मोठा अघळपघळ आणि हौशी. गेल्याच पाडव्याला त्यानं नवं माळवदाचं घर बांधलं होतं आणि ते कुणालाही दाखवायला तो तयारच असायचा. मी म्हटलं, "साहेबांना वर बसवू या. माळवदावरून तलाव चांगला दिसतो." तो म्हणाला, "बसवा की बाई, आमी सतरंजी टाकतो."

रविवारी मी चर्चला गेले. उपदेश नेमका क्षमेवर होता. चांगला होता. सोमवारी सकाळी मी शिडी लावून त्या माळवदावर चढले आणि केरसुणीनं ते झाडून काढलं. बागायतदाराची बायको खालून म्हणाली, "कशाला वो ताई, आमची गडीमानसं झाडतील की." म्हटलं, "असू द्या, मला सवय आहे." वरची धूळ निघाली तशी खापरं उघडी पडली. लाल, काळ्या रेघांची. जिथं सगळ्यांत जास्त दिसत होती तिथंच सतरंजीची कड येईल असं मी बघितलं.

साहेब आले. वय झालेलं, पण नजर घारीची. सरांनी त्यांना शेतं दाखवली, खापरं दाखवली, गुणांची पद्धत समजावून दिली. "पुरावा अगदी तलावाला चिकटून आहे," सर म्हणत होते. जेवण झाल्यावर सगळे हवा खायला वर आले. हिवाळ्यातलं ऊन होतं. साहेब सतरंजीच्या कडेला टेकले, पानाला चुना लावायला लागले, आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी पायाशी वाकून एक खापर उचललं. मग दुसरं.

"हे इथे वर कसं?" ते म्हणाले.

सर सतरंजीकडे बघत होते. तोंडावरचा रंग पार उडाला होता. बागायतदाराला वाटलं घराचं कौतुक चाललंय. "पांढरीची माती हाय साहेब," तो म्हणाला. "लई भारी. थेंब गळत न्हाई. आतल्या गावाकडनं आनली, तिकडं जुनी पांढर हाय तळ्यावर. शेतात बी आमी तीच टाकतो, वडलांच्या येळंपासनं."

इतके दिवस मी ज्या क्षणासाठी गप्प बसले होते तो हा.

"सर," मी अगदी नम्रपणे विचारलं, "या माळवदाला किती गुण द्यायचे? पुरावा तर तलावापेक्षा इथेच जास्त आहे. घर पाडव्याचंच आहे, पण ते कुठल्या काळातलं धरू या?"

साहेब आधी माझ्याकडे बघत राहिले, मग जे हसले! पानाचा ठसका लागेपर्यंत हसले. सर हसले नाहीत. मला त्या वेळी इतकं बरं वाटलं की काय सांगू! आजही ते तोंड आठवलं की बरं वाटतं. साहेबांनी विचारलं, "ती आतली पांढर कुणी पाहिली आहे?" मी म्हटलं, "मी. सरांनीही पाहिली आहे. त्यांना तिथं खड्डा दिसला."

जीप तिथूनच आमच्या गावाकडे वळली. साहेबांनी टेकाडाच्या कापलेल्या कडा हातानं चाचपल्या, राखेचे थर पाहिले, आणि तिथंच उभं राहून सरांना सांगितलं, की पहिला नंबर या तलावाचा. जिंकले असं वाटलं, आणि तेवढ्यात खालून कुदळींचा आवाज आला. काम सुरू झालं होतं. अर्धा तलाव खणून झाला होता. आमच्याच गावच्या बाया, शेजारणी, माझ्याबरोबर शाळेत बसलेल्या मुली, डोक्यावर घमेली घेऊन रांगेनं बांध चढत होत्या.

साहेबांनी लेखी पत्र दिलं तर काम थांबवता येईल, असं सर साहेबांच्या देखत म्हणाले आणि मुकादमाला हाकही मारली. काम थांबणार हे ऐकून आमची शेजारीण घमेलं घेऊन तशीच माझ्यापुढे उभी राहिली. "काम बंद? मंग पोरास्नी काय घालू ग, तुजी खापरं?"

घरोघर मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरी चालल्या होत्या, त्याही या हजेरीवर. मी मुकादमाला म्हटलं, "काम चालू द्या." सर हसले बारीकसे. त्यांना वाटलं, गेला हिचा तलाव. पण तोवर मला खांब दिसला होता.

खोदकामात किती खोल गेलो ते मोजायला मध्ये मातीचा एक खांब न खणता तसाच ठेवतात. त्याची उंची मोजली की खोली कळते, आणि मजुरी त्यावरून ठरते. तलावाच्या मधोमध तसा एक खांब उभा होता, माणसाहून उंच. वरच्या अंगाला काळा, मग पिवळट, मग राखाडी, तळाशी पुन्हा काळा. सगळे थर जागच्या जागी, कुणी कुदळ न लावलेले. मला रडूच आलं.

"मोजणी झाली की तो तोडायचा असतो, ताई," मुकादम म्हणाला.

"मोजणी झाली की मला द्या," मी म्हटलं.

मोजणीच्या दुसऱ्या दिवशी मी खांबाला शिडी लावली आणि वरपासून खालपर्यंत थराथरातून माती कापून डब्यांत भरली. डबे धरायला खाली कुणीतरी हवं होतं. ड्रायव्हर पाणी आणायला गेला होता, म्हणून सर उभे राहिले. उन्हात, डोक्याला रुमाल बांधून, दोन्ही हातांत डबे. घमेली घेऊन जाणाऱ्या बाया त्यांच्याकडे बघून पदरात हसत होत्या. दुपारी सरांचा घसा सुकला. "बाई, चहा मिळेल का?"

मी शिडीवरून खाली वळूनही बघितलं नाही. "स्टोव्ह जीपमध्ये आहे, सर. साखर पिशवीत." त्यांनी केला. मला आणून दिला. पांचट होता, पण मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

त्या खांबातून पुढे बरंच निघालं. तलावाकाठी माणसं राहत होती तेव्हा काय पिकत होतं, पाऊस कधी हटला, वस्ती कधी उठली. अहवाल छापून आला तेव्हा मी तो पोस्टमनच्या हातून जवळजवळ हिसकावून घेतला. तलाव पहिला होता. खांबाचा फोटो होता. पांढरीची माती कशी गाड्यांतून दूर जाते आणि संशोधकांची फसगत करते, यावर एक आख्खं प्रकरण होतं, आणि ते सरांच्या लक्षात कसं आलं हेही तिथं सविस्तर लिहिलं होतं. मुखपृष्ठावर सरांचं नाव होतं. माझं कुठेच नव्हतं. आभार मानले होते त्यांत ड्रायव्हर होता, बागायतदार होता, मी नव्हते.

वडिलांनी अहवाल चाळला, चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. मी गप्प बसले होते. "अरे देवा," ते म्हणाले.

त्यानंतर सरांना मानसन्मान मिळाले, हारतुरे मिळाले. ज्या खोलीत ते भाषणं करायचे तिच्या दारावर आता त्यांचं नाव आहे. पुष्कळ लोकांना वाटतं की मी इथं ते नाव लिहीन. माझी नात तर मागेच लागली होती, "आजी, लिही ना, सगळ्यांना कळू दे." नाही लिहिणार. माझा तलाव, माझी पांढर, ते माळवद, तो खांब, सगळं मी इथं लिहिलं आणि हे जोवर कुणी वाचेल तोवर ते राहील. त्यात त्यांचं नाव नसेल.