फ्लॉवर बेडवरची टाकी

मान डावीकडे कलती करायची, एक डोळा बारीक करायचा आणि विचारायचं, "हे वजन कुठे जातंय?" सर कुठल्याही वस्तूसमोर असे उभे राहायचे. गणपतीचा मांडव, वाण्याच्या डोक्यावरची फळी, लग्नाच्या हॉलमधलं झुंबर, काहीही चालायचं. समोरचा बिचारा जेवायला आलेला असायचा. त्याला काय ठाऊक वजन कुठे जातंय!

तुमच्याही सोसायटीत असा एखादा असणारच. आमच्या मीरा रोडच्या वाट्याला हे आले होते. इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना मेकॅनिक्स शिकवून रिटायर झालेले. पोरं सुटली, आम्ही सापडलो.

त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये चढणं म्हणजे फुकटचा तास. लिफ्ट सुटली की म्हणायचे, "आत्ता वर निघताना वजन वाढलं. जाणवलं ना?" चौथ्या मजल्यावरच्या गुजराती भाभी तेव्हा महिनाभर भात सोडून बसल्या होत्या. त्या दुसऱ्याच मजल्यावर उतरल्या आणि उरलेले जिने चढून गेल्या. सर मागून ओरडले, "भाभी, थांबताना कमी होतं!" तोवर दार लागलं होतं.

आता माझ्याबद्दल. मी सेक्रेटरी. म्हणजे सोसायटीतला सगळ्यात शहाणा माणूस, हे ओघानं आलंच. माझा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, गेटच्या बाजूला. खिडकीबाहेर बिल्डरने कुंड्यांसाठी तीनेक फुटांचा स्लॅब सोडलेला. त्याला आपल्याकडे फ्लॉवर बेड म्हणतात. तिथे फुलं लावणारा माणूस मी मीरा रोडमध्ये अजून पाहिलेला नाही. कुणी ग्रिल ठोकून देवघर करतो, कुणी वॉशिंग मशीन ठेवतो. नळाचा भरवसा नसतो, म्हणून मी पाचशे लिटरची टाकी बसवली. तिच्या बरोबर खाली रोज सकाळी स्कूलबसची पोरं उभी राहायची. त्यात माझी सईही असायची.

सरांनी हा विषय थेट मीटिंगमध्ये काढला. "सेक्रेटरीसाहेब, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. एका बाजूनेच धरलेल्या स्लॅबवर तुम्ही पाचशे किलो ठेवलेत. आणि खाली पोरं असतात."

"सर, वर्ष झालं. हललासुद्धा नाही."

"हलत नाही म्हणजे सगळं शांत आहे असं नाही हो. आत ओढाताण चाललेली असते. अजून बरोबरीत आहे, एवढंच."

"स्लॅबबद्दल बोलताय की माझ्या संसाराबद्दल?" मी म्हणालो. हशा पिकला. चेअरमन म्हणाले, "सर, ये सोसायटी है, कॉलेज नहीं." झालं, विषय संपला. मी स्वतःवर जाम खूश होतो.

पुढच्याच आठवड्यात सरांनी टाकीखाली सहा मोठ्या कुंड्या आणून मांडल्या. कर्दळ, शेवंती आणि पुढच्या रांगेत चांगले टोचणारे निवडुंग. म्हातारपणी बागकामाचं खूळ लागलं, असं आम्ही ठरवून टाकलं. पोरांना जागा उरली नाही, ती गेटपलीकडे सरकली. मुलं उन्हात उभी राहतात, अशी पालकांची तक्रार आली. मग काय, मी लगेच सोसायटीच्या लेटरहेडवर नोटीस काढली : सामायिक जागेत अतिक्रमण, सात दिवसांत हटवावे. खाली माझी झोकदार सही. सरांनी नोटीस घेतली, पोच दिली आणि आणखी दोन कुंड्या आणल्या.

सहाव्या दिवशी सकाळी, बस यायच्या पाच मिनिटं आधी, स्लॅब कोसळला. ग्रिल, टाकी, पाणी, सगळं एकदम खाली. कुंड्यांचा पार चुरा झाला. सई गेटपलीकडे पाण्याची बाटली छातीशी धरून उभी होती. ते पाहून मी जिन्यातच बसलो.

संध्याकाळी माफी मागायला सरांकडे गेलो. दार उघडताच त्यांनी विचारलं, "तडा कुठून गेला? वरून की खालून?"

"वरून. भिंतीला लागून."

"हं. वरचीच बाजू ताणली जाते." चेहऱ्यावर आनंद अजिबात नव्हता. मग मला कागद-पेन्सिल देऊन बाण काढायला बसवलं. टाकीचं वजन खाली, भिंतीचा आधार वर. माझा पहिलाच बाण उलटा आला. त्यांनी न रागावता तो खोडला, तासभर शिकवलं, चहा पाजला. पण "सर, माझं चुकलं" एवढं काही माझ्या तोंडून फुटेना. सेक्रेटरी ना मी! उद्या सांगू म्हणून घरी आलो. मग तो उद्या रोज पुढे ढकलत राहिलो.

दोन महिन्यांनी ते मुलीकडे नागपूरला राहायला गेले. दिवाळीनंतर सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, सर गेले. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही एक जोडी टाकली. तेवढं मला बरोबर जमतं.

सई आता सातवीत आहे. सकाळी बसच्या खिडकीतून हात हलवते, मीही हलवतो. ही पोर तुमच्यामुळे आहे, सर, एवढंच त्यांना समोर बसून सांगायचं होतं. आता कुणाला सांगू?