मामीचं दोन शब्दांचं इंग्रजी

माझी मामी कपडे शिवते. हल्ली तिचा उजवा हात थरथरतो. हे फक्त मला ठाऊक होतं, कारण सुईत दोरा ओवायला ती मलाच हाक मारायची. "एवढा ड्रेस नीट झाला तर ठीक," ती म्हणाली होती, "नाहीतर मशीन विकून टाकू."

ड्रेस परदेशात वाढलेल्या एका मुलीचा होता. पायघोळ, निसरड्या कापडाचा, बाह्यांना नाजूक चुण्या. मामी बाही शिवायची, निरखायची, पुन्हा उसवायची. तिचं जेवणावरून लक्षच उडालं. मुलगी घालून बघायला यायच्या वेळेला तिने मला उगाचच हुक आणायला पिटाळलं. मी समोर असले की तिचा जीव आणखी टांगणीला लागतो.

परत आले तर मामी मशीन कापडाने झाकत होती. चेहरा पांढराफटक.

"काय गं झालं?"

"आरशात बघितलं आणि माझ्या तोंडावर म्हणाली, शट अप! मग नो, नो असं काहीतरी. तशीच वर गच्चीकडे गेली. मी आपली गप्प बसले."

मामीला इंग्रजी येत नाही, पण हे दोन शब्द ती चांगले ओळखते. मामांनी अख्ख्या संसारात तिला तेवढंच इंग्रजी शिकवलं. तिने तोंड उघडलं की वर्तमानपत्रातून डोकं न काढता ते हेच म्हणतात. माझे सख्खे मामा असले तरी मला त्यांचा भयंकर राग येतो.

तो सगळा राग त्या मुलीवर काढायला मी तरातरा गच्चीच्या जिन्यात गेले. ती ड्रेस घालूनच फोनपुढे गिरक्या घेत होती, मैत्रिणीला चुण्या दाखवत होती.

"माझ्या मामीला गप्प बस म्हणालीस?"

ती गोंधळलीच. "अगं, नाही नाही! आनंदाने म्हणाले! शट अप, नो वे... विश्वास बसेनासा झाला की आम्ही असंच ओरडतो. माझ्या बहिणीचा ड्रेसही मला यांच्याकडूनच शिवून घ्यायचाय."

मी आत येऊन सगळं सांगितलं. मामी कितीतरी वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. डोळे पुसले, मशीनवरचं कापड काढलं आणि त्याची नीट घडी घातली.

"म्हणजे तुझे मामा," ती आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसलेल्या मामांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "जन्मभर माझ्यावर खूशच होते म्हणायचे!"