डावखुरा शेरीफ

ज्या माणसाबद्दल लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं, तो बोलण्याआधी स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवायचा. "या डोळ्यांनी पाहिलंय," म्हणायचा, आणि मग समोरच्याचं काही ऐकायचा नाही.

नोएडातल्या आमच्या सोसायटीत दर रविवारी निवृत्त मराठी मंडळींचा अड्डा जमे. हॉलिवूडच्या जुन्या कृष्णधवल सिनेमांतला कुठला सरस, यावर आम्ही भांडायचो. असा अड्डा तुम्हीही पाहिला असेल. सगळे ज्ञानी, ऐकणारा कुणी नाही. त्यात हा सगळ्यांत असह्य. मानेसरच्या कारखान्यात सुपरवायझर होता. भजी संपवायचा आणि मतं वाटायचा. कुणी कोर्टातल्या सिनेमाचं नाव काढलं की, "वकिलांची बडबड यार, त्याला पिक्चर म्हणतात?" नाचगाण्यांच्या सिनेमांना तो जिन्यावरची कवायत म्हणे. त्याच्या लेखी सिनेमा एकच, काउबॉयचा. मला तो माणूस आवडत नसे. खरं सांगायचं तर आजही फारसा आवडत नाही.

एका रविवारी एका जुन्या काउबॉयपटाचा विषय निघाला. तो म्हणाला, "त्यातल्या शेरीफसारखा पिस्तूलवाला दुसरा नाही. डाव्या हातानं काढायचा."

"अहो, उजव्या," आमचे प्रोफेसर हसले.

"बिल्कुल नाही. या डोळ्यांनी पाहिलंय. छावणीत, वडिलांच्या पलटणीत."

प्रोफेसरांनी फोनवर तो प्रसंग लावला. शेरीफनं उजव्या हातानं पिस्तूल काढलं. फोन हातात धरून हा बघतच राहिला.

"पाहिलाच नसेल हो यांनी," मी म्हणालो. "ऐकीव माल सगळा."

हशा पिकला. पुढच्या रविवारी तो आला नाही. नंतरही नाही.

खरं काय ते मला त्याच क्षणी कळलं होतं. छावणीच्या मैदानात पडदा बांधत. समोर खुर्च्यांवर अधिकारी आणि त्यांची कुटुंबं. शिपायांची पोरं पडद्यामागे, जमिनीवर. मागून सिनेमा दिसतो, पण उलटा. उजवा हात डावा होतो. मला हे ठाऊक होतं, कारण माझेही वडील साधे शिपाई होते आणि मीही मागेच बसायचो. अड्ड्यावर मात्र सगळे मला कर्नलचा मुलगा समजत, आणि मी समजू दिलं होतं. त्याला खरा ठरवायचं तर पडद्यामागून कसं दिसतं हे मला कसं ठाऊक, ते सांगावं लागलं असतं, आणि मी उघडा पडलो असतो.

काही आठवड्यांनी मी त्याच्या घरी गेलो. त्यानं बायकोला हाक मारली, "अगं, चहा टाक. कर्नलसाहेबांचे चिरंजीव आलेत." त्यात टोमणा नव्हता. ती आत गेल्यावर त्यानं हळूच विचारलं, "साहेब, इतकं स्पष्ट आठवतं, मग चुकलं कसं? डोकं जातंय का माझं?"

"होतं असं या वयात," मी म्हणालो.

स्वतःला विसराळू समजतच तो त्या थंडीत वारला.

त्या दिवशी निघताना, चपला घालून मी दारात वळलो होतो. म्हणालो, "अहो, एक सांगायचं होतं."

तो दाराला धरून उभा राहिला. "बोला की."

"चहा छान झाला होता," मी म्हणालो.