सव्वापट भार

जिना चढताना ती पायऱ्या मोजायची. वर जाताना बेचाळीस, उतरताना एकेचाळीस. मधली एक कुठे जाते, ते तिला कधी सापडलं नाही.

किती वेळ लागेल असं विचारलं तर ती "दहा मिनिटं" म्हणायची नाही. "अकरा" म्हणायची आणि अकराव्या मिनिटाला यायची.

पेनांची टोपणं चावायची. फक्त दुसऱ्यांची.

माझ्याकडून नेलेल्या पुस्तकात छपाईच्या चुकांवर पेन्सिलीची टिंबं करून परत द्यायची. पुस्तक कसं वाटलं, ते सांगायची नाही.

भांडणाआधी चष्मा काढून टेबलावर ठेवायची. समोरचा धूसर दिसला की बोलायला सोपं जातं, म्हणायची.

कॉलेजात तिला दशांश हे नाव पडलं, ते पुढेही टिकलं. मी साहित्य घेतलं, तिनं गणित. मी पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासायला लागले. ती गाड्यांचा विमा उतरवणाऱ्या कंपनीत लागली. कुठल्या वयाचा माणूस वर्षातून किती वेळा गाडी आपटतो, त्यावरून त्याचा हप्ता ठरतो. ते आकडे तपासायचं काम तिचं. हप्त्याची सूत्रं मांडणारे काचेच्या पलीकडे बसायचे. त्यांच्याकडे क्वांटिटेटिव्ह फायनान्सची, म्हणजे पैशाच्या जोखमीच्या गणिताची, पदवी होती. तिच्याकडे नव्हती.

एकदा तिनं त्यांच्या सूत्रातली चूक काढली. चूक खरी निघाली. विभागप्रमुख म्हणाले, "छान. आता ती का झाली ते विचारत बसू नकोस. त्याला ती पदवी लागते."

त्या दिवशी तिनं अर्ज भरला. प्रवेश मिळाला. सोळा महिन्यांचा अभ्यासक्रम, दुसऱ्या शहरात.

खर्च तिनं माझ्यासमोर मांडला. फी, खोली, जेवण मिळून तिचा पासष्ट महिन्यांचा पगार. शिवाय सोळा महिने पगार नाही.

"एक्याऐंशी," ती म्हणाली. "पावणेसात वर्षं."

"कशासाठी? काचेच्या पलीकडे बसायला?"

"काच कुणी बसवली ते बघायला."

तिनं तिथून शिकून गेलेल्या तिघांना फोन केले. एकानं सांगितलं, शंभरातले अकरा पहिल्याच सत्रात गळतात. दुसऱ्यानं सांगितलं, आठवड्याला पंचावन्न तास धर. तिसरी म्हणाली, "रडायचं तर जेवणाच्या सुट्टीत रड. वर्गात वेळ जातो." तिनं तिन्ही वाक्यं वहीत लिहून घेतली.

कर्जाला जामीन हवा होता. जामिनाकडे घर हवं होतं. घर तिच्या दादाचं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. तो, वहिनी आणि ही तिथे राहायचे. दादाचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. त्याच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नाही, यावरून वहिनी त्याला रोज एकदा तरी टोमणा मारायची.

दादानं फॉर्म वाचला. मी तिथेच होते.

"म्हणजे तू नापास झालीस की मी रस्त्यावर."

"मी नापास झाले आणि हप्ते थकले, तर. दोन्ही व्हावं लागतं."

"वा. म्हणजे निम्माच रस्त्यावर."

"अहो, बहीण आहे," वहिनी म्हणाली.

"म्हणून तर विचारतोय. परक्याला मी सरळ नाही म्हटलं असतं." तो तिच्याकडे वळला. "आठवड्याला किती तास अभ्यास तिथे?"

"पंचावन्न."

"कॉलेजात किती करायचीस?"

"वीस."

दादानं फॉर्म उलटा ठेवला. "रिकामी लिफ्ट कोणीही वर नेतं. आम्ही दुरुस्ती झाली की वाळूची पोती भरतो. पाटीवर लिहिलेल्या वजनाच्या सव्वापट. तेवढं घेऊन वर गेली तरच दाखला. तू पोती घेऊन दाखव. चार आठवडे. मग सही."

मला हसू आलं. तिला आलं नाही. तिनं चष्मा पुसला.

"पंचावन्नच्या सव्वापट अडुसष्ट पूर्णांक पंच्याहत्तर. ऑफिसचे चाळीस. उरले पावणेएकोणतीस."

"तीस कर."

"पावणेएकोणतीस."

"घ्या," वहिनी म्हणाली. "भाजी घेताय का दोघं?"

असं ठरलं. रोज पहाटे सव्वादोन तास. शनिवार-रविवार पावणेनऊ. अभ्यास म्हणजे त्याच अभ्यासक्रमाचे जुने प्रश्नसंच, आठवड्याला एक, चौदा प्रश्नांचा. पहाटेचे तास वहिनी बघणार. सुट्टीच्या दिवसांसाठी दादाला बाहेरचा पंच हवा होता.

"हिची ती कवयित्री आण," तो माझ्यासमोरच वहिनीला म्हणाला.

मी आयुष्यात एकही कविता लिहिलेली नाही.

मला एक स्टॉपवॉच मिळालं; तास तिच्याच वहीत उलट बाजूनं लिहायचे. ती उठली, बोलली, खिडकीबाहेर बघत बसली, तर घड्याळ थांबवायचं. दादानं भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. तिचा फोन कपाटात ठेवला. घड्याळाकडे बघत कसला अभ्यास, म्हणाला. खोलीची खिडकी हवेसाठी सोडलेल्या अरुंद चौकात उघडायची. दिवसभर ट्यूबलाइट. किती वाजले ते फक्त मला कळायचं.

पहिल्या शनिवारी दादानं भिंतीला भोकं पाडली. एकही खिळा ठोकला नाही. रविवारी दोन कारागीर पत्ते खेळायला बोलावले.

"काय चाललंय हे?" मी विचारलं.

"पोती घालतोय," तो म्हणाला.

ती मान वर करत नव्हती. दोन आठवडे नीट गेले. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं. ऑफिसात जिन्यावर बसून जेवते, असं कळलं. मी म्हणाले, "सोड ना. कसली पदवी ही? बाजार उद्या किती हलेल ते आज सांगायचं. ज्योतिषी कमी आहेत का?"

"ज्योतिषी चूक किती होईल ते सांगत नाहीत. आम्ही तेही सांगतो."

"त्यासाठी पावणेसात वर्षं?"

"तू घड्याळ बघ."

तिसऱ्या रविवारी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी तिचं डोकं वहीवर टेकलं. पेन हातातच होतं. माझा अंगठा घड्याळाच्या बटणावर होता. दाबायचं एवढंच काम होतं.

मी दाबलं नाही.

तिचं तोंड किंचित उघडं होतं. पलीकडच्या खोलीत दादा पत्त्यांवरून ओरडत होता. झोपू दे, मला वाटलं. एवढंच वाटलं. ती साडेचारला उठली.

"किती वेळ?"

"पाच मिनिटं," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि पुढचा प्रश्न घेतला. मी वहीत पावणेनऊ तास लिहिले. खाली सही केली. दादानं रात्रीच्या जेवणाआधी वही बघितली आणि परत दिली. घरी जाताना मला बरं वाटत होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

चौथ्या आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी तिनं मला बोलावलं. प्रवेशाचे पैसे भरायची मुदत पुढच्या सोमवारी पाचपर्यंत होती. बँकेनं त्या दिवशी दुपारपर्यंतही फॉर्म चालेल, असं सांगितलं होतं. मी गेले तेव्हा टेबलावर आलेखाचा कागद होता. त्यावर सहा ठिपके. तीन आठवड्यांचे सहा सुट्टीचे दिवस. आडवे दिवस, उभे सुटलेले प्रश्न. पाच ठिपके एका रेषेला चिकटले होते. सहावा बराच खाली होता.

तिनं चष्मा काढून ठेवला.

"रविवारी दुपारी मी किती वेळ झोपले?"

मी कागदाकडे पाहिलं.

"हा ठिपका म्हणतो, दोन तासांच्या वर. तू काय म्हणतेस?"

"दोन तास दहा मिनिटं."

दारात वहिनी येऊन उभी राहिली.

"का?"

"तू दमली होतीस."

"दमणं मोजायचं होतं!" ती ओरडली. मी तिला ओरडताना पहिल्यांदा ऐकलं. "तेच मोजायचं होतं. दुसरं काय मोजत होतीस तू तीन आठवडे?"

"माझा हेतू..."

"मी हरणार असं तुला वाटलं. दादाला वाटलं तर तो तोंडावर सांगतो. तू सही करून खोटं सांगितलंस."

"एक दिवस होता."

"बाकीचे पाच खरे कशावरून?"

"ठिपके रेषेवर आहेत ना!"

"म्हणजे तुझ्यावर विश्वास ठेवायचा तर तोही मीच गणितानं काढायचा."

मला राग आला. मी म्हणाले, तू माणूस आहेस की यंत्र, झोप आलेल्याला झोपू देणं हा गुन्हा कधीपासून झाला. ती म्हणाली, बाहेर हो. मी झाले नाही. तेवढ्यात दादा कामावरून आला. तिनं त्याला बूटही काढू दिले नाहीत.

"नापास," ती म्हणाली. "तिसरा आठवडा. दोन तास दहा मिनिटं कमी."

दादानं माझ्याकडे पाहिलं. मग वहीकडे. "कवयित्रीबाई," तो म्हणाला. "शाब्बास."

वहिनीनं बोटांवर हिशेब केला. "अहो, कमी धरून साडेसहासष्ट होतात. तिथे पंचावन्न लागतात. झालं की!"

"लिफ्ट पास असते नाहीतर नापास. थोडीशी पडली असं नसतं."

"बरोबर आहे," दशांश म्हणाली.

"बरोबर आहे म्हणे! वन्सं, तुम्हाला जायचंय की नाही?"

ती आत गेली.

नंतर मला वहिनीनं जिन्यात सांगितलं. दशांशनं आधी स्वतः गळण्याची शक्यता दहात एक धरली होती. तो रविवार खरा धरला तर चारात एक येत होती. आणि गळाली तर हप्ते थकणारच. "चारात एक वेळा हे घर जाणार, असं म्हणतात वन्सं. मी म्हटलं, तीन वेळा नाही जाणार ना? तर म्हणतात, वहिनी, तुमचं सामान तीनदा नाही, एकदाच बाहेर पडतं."

मी रविवारी पुन्हा गेले. माफी मागायला नाही. भांडायला गेले होते. ती टेबलाशी बसली होती. नापास झाली तरी चाचणी पूर्ण करायची असते, असं तिनं वहिनीला सांगितलं होतं. घड्याळ आता वहिनीकडे होतं. मी दाराशी उभी राहिले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

दादा आला. हातात फॉर्म होता. त्यानं तो तिच्या वहीवर आपटला. खाली त्याची सही होती.

"घे. तुझी वहिनी चार दिवस माझ्याशी बोलत नाहीये. घे आणि बुडव घर."

"चाचणी नापास आहे, दादा."

"मी सांगतो पास."

"तू सांगून होत नाही."

"मीच सांगून होतं! पोट भरतो मी त्यावर." त्याचा आवाज चढला. "महिन्याला सहा दाखले देतो. त्यातल्या दोनांत पोती अर्धीच घालतो. उचलायला माणूस मिळत नाही. पडली का आजवर एक तरी? नाही पडली. सव्वापट कागदावर असतं, बये. जगात कुणी एवढं मोजत नाही."

वहिनीनं घड्याळ खाली ठेवलं.

दशांशनं चष्मा काढला नाही. ती त्याच्याकडे स्वच्छ बघत होती.

"कुठल्या दोन?"

"काय?"

"कुठल्या इमारती?"

"तुला काय करायचंय?"

"कुठल्या दोन, दादा?"

तो गेला. जिन्यावरून त्याचे बूट वाजले. तिनं पेन खाली ठेवलं. फॉर्म उचलून कपाटावर ठेवला. त्यावर तिच्या सहीची जागा रिकामी होती.

मी म्हणाले, "कर सही. कुणीच खरं मोजत नाही हे आता कळलं ना तुला? मग तू एकटी का?"

"जा," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी अकरा वाजता मी तिच्या ऑफिसच्या फाटकाशी गेले. पहारेकऱ्यानं दोनदा हटकलं. ती खाली आली. मी म्हणाले, तू मूर्ख आहेस. हे घर वाचवणं नाही, हा माज आहे. सही केलेला फॉर्म घरात पडलाय, दुपारपर्यंत वेळ आहे, मी रिक्षा करते. ती ऐकून घेत होती. मग तिनं पिशवीतून वही काढली. जिच्यात एका बाजूनं मी तास लिहिले होते आणि उलट बाजूनं तिनं गणितं केली होती, ती.

"ठेव तुझ्याकडे," ती म्हणाली. "कल्पित साहित्य तुमच्याकडेच शोभतं."

आणि वर गेली.

याला सात महिने झाले. ती अजून त्याच खुर्चीत, काचेच्या अलीकडे बसते. भावाच्या घरातून निघून तिनं वेगळी खोली घेतली आहे, असं वहिनी म्हणाली. दादाशी बोलत नाही. माझ्याशीही नाही. मला अजून वाटतं की ती चुकली. मला तिला ते कधी सिद्ध करून दाखवता येणार नाही, याचाही राग येतो.

वही माझ्याकडे आहे. मला त्यातलं काही कळत नाही. तरी मुद्रित वाचावं तशी मी ती ओळीओळीनं वाचली. चौथ्या संचातले दहा प्रश्न सुटलेले आहेत. प्रत्येकाखाली दोन रेघा. मग अकराव्याचा आकडा, त्याभोवती गोल. पहिली ओळ पूर्ण आहे. दुसरीत एक चिन्ह खोडून नीट केलं आहे. तिसरी ओळ बरोबरच्या चिन्हापर्यंत आली आहे. पुढे कागद कोरा आहे.