खडूची केबिन

मास्तरीणबाईंच्या दुकानात नवा कपडा शिवून मिळत नसे. नवे कपडे कोणीही शिवतं, असं त्यांचं मत होतं. त्या फक्त जुने दुरुस्त करत: सैल, घट्ट, आखूड, लांब. गल्लीतला प्रत्येक माणूस वर्षातून एकदा तरी आपल्या पोटाची कबुली द्यायला त्यांच्यासमोर उभा राही. बाई पँट हातात घेत, कंबरेची शिवण उलटून बघत आणि "अच्छा" म्हणत. बाकी एक अक्षर नाही. त्या एका "अच्छा"नंतर बऱ्याच जणांनी लिफ्ट वापरणं सोडल्याचं ऐकिवात आहे.

कच्चे टाके घातल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. पांढऱ्या दोऱ्याने लांब लांब टाके घालायचे, गिऱ्हाइकाला कपडा घालून उभं करायचं, बसवायचं, वाकवायचं, आणि मगच पक्की शिलाई. हा नियम दुकानापुरता राहिला असता तर कोणाची तक्रार नव्हती. पण लेकीचं लग्न ठरवताना त्यांनी भावी जावयाला एकदा जेवताना, एकदा ताप आलेला असताना आणि एकदा भर रस्त्यात त्याची गाडी बंद पडलेली असताना बघून घेतलं होतं. म्हणजे बसून, वाकून आणि चालून. यजमानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आधी त्यांना एका डोळ्याला रुमाल बांधून घरभर फिरवलं. त्यात दोन बरण्या फुटल्या. ऑपरेशननंतर मात्र एकही फुटली नाही, हे बाई आवर्जून सांगत.

यजमान टपालखात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं गावांप्रमाणे लावली, आता ते हवामान लावत. सकाळी रेडिओवर वारा, लाटा आणि दाब ऐकून ज्याला हवं त्याला आणि नको त्यालाही सांगत. गल्लीत त्यांना हवामान खातं म्हणत. बायकोला त्यांनी जन्मात कधी विरोध केला नाही. ते फक्त माहिती देत.

आणि मग ताई. मास्तरीणबाईंची थोरली बहीण, दोन रस्ते पलीकडे राहणारी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिची हयात गेली. लोकांचे फोन दूरदूरच्या बंदरांना जोडून द्यायचे आणि कानातून यंत्र काढून पुढचा घ्यायचा. त्या नोकरीने तिला एक सवय लावली होती. ती आली की उंबऱ्यातच "बोल" म्हणायची, काम असेल तेवढं बोलायची आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत "बरं, निघते" म्हणून निघायची. निवृत्तीनंतरही त्यात फरक पडला नाही. दोघी बहिणी एकाच गावात म्हाताऱ्या झाल्या, पण लग्न झाल्यापासून एका छताखाली एकदाही झोपल्या नव्हत्या. एकीला गिऱ्हाईक, एकीला ड्यूटी.

हिवाळा संपला की ताई कायमची मुलाकडे जाणार होती. मुलगा समुद्रापार, विमानाने गेलं तरी दमायला होईल इतका लांब. घर विकलं गेलं होतं, कपाटं वाटली जात होती. मास्तरीणबाईंच्या वाट्याला शिवणाची टोपली आली. ती घेताना त्यांच्या मनात आलं की हिच्याशी आपण धड एक दुपारसुद्धा बोललेलो नाही. तिला धरून ठेवायचं तर अशी जागा पाहिजे, जिथून उठून जाता येणार नाही.

अशा जागा जगात दोनच, तुरुंग आणि जहाज. बाईंनी जहाज निवडलं.

हिवाळाच ठरवला, कारण थंडीत दुकान रिकामं असतं. कोटाच्या आत काय झालंय हे माणसं थंडी सरल्याशिवाय कोणाला दाखवत नाहीत. पण ताईला खरं कारण सांगायची हिंमत बाईंना झाली नाही. त्यांनी जहाज कुठे कुठे थांबतं तेवढंच सांगितलं, आणि ताई उंबऱ्यावरून पहिल्यांदा आत येऊन बसली.

"खोकणाऱ्याच्या बंदरात थांबतं?"

"कोण खोकणारा?"

"तिथला ऑपरेटर गं. वीस वर्षं खोकत होता. प्रत्येक वेळी वाटायचं, हा शेवटचा कॉल. आणि घाईवालीचं बंदर? आणि ते 'हं-हं'वाल्याचं?"

ताईला सगळी बंदरं आवाजावरून माहीत होती. बघितलेलं एकही नव्हतं. ती लगेच तयार झाली, आणि जहाज कंपनीच्या मुलीने दोघींची नावं नोंदवली. हवामान खात्याने आपण येणार नसल्याचं जाहीर केलं. "कोणीतरी किनाऱ्यावर पाहिजे," ते म्हणाले. "माहिती द्यायला."

अडचण अशी की त्या वर्षी कसलीशी तापाची साथ होती. कोणतं बंदर कोणाला उतरू देणार हे रोज नव्याने ठरे. कोणी चाचणी मागे, कोणी आठवडाभर खोलीत कोंडू म्हणे. शिवाय समुद्र खवळलेला. रोज सकाळी चहाबरोबर खात्याचं निवेदन येई.

"आज लाटा दुमजली आहेत."

"असू देत."

"विरोध नाही. माहिती देतोय."

आणि मागोमाग कंपनीच्या मुलीचा फोन येई. तिचा आवाज फार गोड होता, आणि तो जितका गोड तितकी बातमी वाईट, हे बाईंनी लवकरच ओळखलं. पहिल्यांदा घाईवालीचं बंदर गेलं. मग "हं-हं"वाल्याचं. ताई प्रत्येक वेळी कोणीतरी वारल्यासारखा कपाळाला हात लावी आणि मग म्हणे, "चालेल. खोकणारा आहे ना?"

बाईंच्या मनात मात्र वेगळंच चालू होतं. एक एक बंदर गळत होतं तशा त्या खुश होत होत्या. बंदर म्हणजे ताईला उतरून जायला दार. पण हे बोलायची सोय नव्हती, म्हणून त्याही चेहरा पाडून "अरेरे" म्हणत. हे "अरेरे" त्यांना नीट जमत नसे.

सफर जवळ आली तशी ट्रायल आलीच. माहितीपत्रकातली मापं घेऊन बाईंनी दुकानाच्या फरशीवर खडूने केबिन आखली. बाक हा एक बर्थ, कापड बेतायचं टेबल हा दुसरा. दाराच्या जागी खडूत फट. मधे टोपली उलटी ठेवली, ती खिडकी. मग ताईला बोलावलं.

"रविवारी दुपारी यायचं. आत शिरलं की चहाच्या वेळेपर्यंत रेघेबाहेर पाय टाकायचा नाही. बाहेर समुद्र आहे."

"वेड लागलंय तुला."

"कपडा घालून बघितल्याशिवाय शिवते का मी कधी?"

ताई आली, फटीतून आत शिरली आणि बाकावर बसली. शेजारचा केशकर्तनवाला पँट घेऊन आला, तर त्याला रेघेबाहेर उभं करून बाईंनी हात लांब करून पँट घेतली, शिवण उलटली आणि "अच्छा" म्हटलं. तो बिचारा काय चाललंय हे न विचारता गेला. अशा दुकानात प्रश्न विचारून आपली कंबर चर्चेत आणायची कोणाची इच्छा नसते.

पहिली काही मिनिटं ताई घड्याळाकडे बघत होती. मग बोलू लागली. आधी पायांबद्दल, मग मुलाच्या बायकोबद्दल, मग दोघींच्या आईबद्दल. आई फोनवर बोलताना पदर सावरायची, ते आठवून दोघी इतक्या हसल्या की टोपलीची खिडकी कलंडली. बाईंच्या जिवात जीव आला. कपडा अंगाला बसत होता.

तेवढ्यात हवामान खातं टेप घेऊन आलं. उद्योग नसला की ते काहीही मोजत.

"अगं, ही केबिन कंपनीच्या केबिनीपेक्षा मोठी आहे."

"शक्यच नाही. पत्रकात बघून आखलीय."

"चारी बाजूंनी सारखीच मोठी आहे."

बाईंनी टेप बघितला आणि त्यांचे कान लाल झाले. हाताने सवयीप्रमाणे चारी बाजूंना शिवणीपुरती जागा जास्तीची सोडली होती. पुढेमागे माणूस जाड झाला तर उसवून वाढवता यावं म्हणून.

"जहाज उसवून मोठं करता येत नाही गं," खातं म्हणालं. "विरोध नाही."

बाईंनी निमूटपणे नवी रेघ आतून मारली. ताईचे गुडघे टेबलाला लागले. मास्तरीणबाई टेबलावर आडव्या झाल्या तर त्यांचे पाय समुद्रात गेले.

"यात एक झोपली तर दुसरीने काय उभं राहायचं?" ताईने विचारलं. "असू दे. झोपायपुरतीच तर आहे. दिवसा बंदरावर असू आपण."

आणि नेमका फोन वाजला. कंपनीच्या मुलीचा आवाज इतका गोड होता की बाईंना ऐकण्याआधीच कळलं. खोकणाऱ्याचं बंदरही बंद झालं होतं. जहाज कुठेही थांबणार नव्हतं. समुद्रात आठवडाभर फिरून परत निघाल्या जागी येणार होतं. चालत असेल तर या, नसेल तर पैसे परत, आणि काय ते आज संध्याकाळपर्यंत कळवा.

"म्हणजे कुठेच नाही?" ताई म्हणाली.

"कुठेच नाही."

"मग बघायचं काय? पाणी? ते घरी नळाला येतं." ताई उठली. "बरं, निघते. तू पैसे परत माग." आणि ती भिंतीतून चालत बाहेर पडली.

"ताई, तुम्ही समुद्रात पडलात," हवामान खात्याने नोंद केली.

"मला पोहता येतं, भाऊजी."

ती पायरी उतरली. बाई केबिनीत एकट्याच उभ्या होत्या, हातात खडू. महिनाभराचे कच्चे टाके एका झटक्यात निघत होते, आणि ते का घातले होते हे त्यांनी जिला सांगायला हवं तिला सांगितलंच नव्हतं.

"मला बंदरं बघायचीच नव्हती!" त्या ओरडल्या. आवाज इतका मोठा निघाला की शेजारच्या दुकानातली कात्री थांबली.

ताई वळली. "मग?"

"तू बसावीस म्हणून काढलं सगळं. जन्मभर येतेस, 'बोल' म्हणतेस आणि जातेस. मी काय ट्रंक कॉल आहे? बंदर बंद झालं की मी आतून आनंदाने उड्या मारायचे. घाईवाली गेली तेव्हा मी स्वतःसाठी जिलेबी आणली."

"आणि वर 'अरेरे' म्हणालीस!"

"म्हणाले."

"तरीच. म्हटलं, हिचं अरेरे असं नवीन कपड्यासारखं टोचरं का येतंय." ताई रस्त्यातच उभी राहिली. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण नोकरीत तिने हजारो माणसांना एकमेकांशी बोलायला लावलं होतं आणि त्या वेळी स्वतः लाइनवरून बाजूला व्हायचं असतं. स्वतःच्या लाइनवर काय करायचं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. शेवटी ती चिडली. चिडणं तिला जमत असे.

"हे महिन्यापूर्वी सांगायला काय झालं होतं तुला? मूर्ख कुठली! मी उगाच त्या खोकणाऱ्यासाठी लोकरी स्वेटर विणत बसले."

"त्याला?"

"भेट द्यायला. छातीला ऊब." ताईने डोळे पुसले आणि पुन्हा दरडावलं, "त्या मुलीला फोन लाव. आणि दे माझ्याकडे. तुला बोलता येत नाही फोनवर."

अशा रीतीने दोघी बहिणी कुठेही न जाण्यासाठी निघाल्या. धक्क्यावर हवामान खात्याने छत्री हातात धरून शेवटचं निवेदन दिलं आणि बायकोने गळ्याभोवती गुंडाळून दिलेल्या मफलरचं टोक हलवून निरोप दिला.

समुद्राने त्यांच्या अंदाजाचा मान राखला. दुसऱ्या दिवशी जेवणघरात बशा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आपणहून जात होत्या आणि माणसं त्यांच्या विरुद्ध दिशेला. निम्मं जहाज आडवं झालं होतं. मास्तरीणबाई दीड दिवस पिवळ्या पडून होत्या. ताईला काहीच झालं नाही. ती समोरच्या बर्थवर गुडघे दुमडून बसली, कारण दुसरी जागाच नव्हती, आणि बोलत राहिली. नवरा गेला त्या महिन्यात तिने एकही रजा घेतली नव्हती. कानात दुसऱ्यांचे आवाज असले की बरं वाटायचं. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. बाईंनी बादली बाजूला केली आणि तिचा हात धरला. नंतर बाई उठून बसल्या तेव्हा बोलायची पाळी त्यांची आली, आणि त्याही काही कमी नव्हत्या. भांडणंही झाली. आईची अंगठी कोणी हरवली यावरून एक आख्खी दुपार अबोला होता. पण अबोला धरून जायचं कुठे, म्हणून त्या एकमेकींकडे न बघता एकाच खिडकीतून पाणी बघत बसल्या. पाणी नळाच्या पाण्यापेक्षा पुष्कळच बरं आहे, असं अखेर ताईने मान्य केलं, आणि अबोला संपला.

परतीच्या सकाळी सगळे प्रवासी बॅगा भरून दारापाशी रांगेत होते. धक्का दिसत होता. धक्क्यावर वाट बघणाऱ्या नातेवाइकांना छत्रीवाला एक माणूस हातवारे करून काहीतरी समजावत होता आणि कोणी ऐकत नव्हतं. तेव्हा भोंग्यातून घोषणा झाली. वारा फार आहे, जहाज धक्क्याला लावता येत नाही, उद्या सकाळपर्यंत बाहेरच थांबावं लागेल, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

रांगेत एकच आरडाओरडा झाला. एका गृहस्थांनी कप्तानाला भेटायचंय म्हणून बॅग आपटली. एका बाईंना रडू आवरलं नाही. चहा फिरवणारा पोरगेला कर्मचारी सगळ्यांच्या शिव्या खात, समजूत घालत रांगेतून पुढे सरकला, पण दोन म्हाताऱ्या त्याला रांगेत दिसल्याच नाहीत. त्याने केबिनीचं दार वाजवलं.

दोघी आपापल्या बर्थवर होत्या. बॅगा भरलेल्याच नव्हत्या.

"घोषणा ऐकलीत ना? फार सॉरी बरं का," तो म्हणाला.

"अरेरे," मास्तरीणबाई म्हणाल्या. या वेळी त्यांनी प्रयत्नसुद्धा केला नाही.

"चहा ठेव इथे, मोठी किटली," ताई म्हणाली. "आणि जाताना दार लावून घे. आमचं बोलणं चाललंय."