पालातले मामा

सोयाबीन झाकायची ताडपत्री उन्हात उलगडली, की तिच्या वासाबरोबर पुण्याचे मामा आठवतात.

आफ्रिकेतली सफारी करून ते जवळा बाजारला आमच्याकडे आले होते. जंगलात तंबूत राहिलो, आंघोळीचं पाणी बादलीनं यायचं, बाहेर सिंह डरकाळ्या फोडायचे, असं अल्बम दाखवत दुपारभर सांगून त्यांनी आमचं डोकं उठवलं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. सुगीत गावाबाहेर पाल ठोकून राहणाऱ्यांना धान्य द्यायची तिची रीत होती.

"दादा, पालात काहून राहावं लागलं?" म्हणत तिनं मामांच्या गाडीत ज्वारीचं गठुडं ठेवलं.

तेव्हा मला तो टोमणा वाटला. आज वाटतं, तिला खरंच कीव आली होती. मामांना मात्र ना टोमणा कळला, ना कीव. ते म्हणाले, "शांता, तुरीची डाळ पण टाक."