सोडियमचं सैल बटण

आमचे हे शाळेत विज्ञान शिकवतात आणि माझ्या शिवणाच्या डब्यातली बटणं पळवतात. दरवर्षी आठवीची मुलं अणूच्या प्रतिकृती करतात. मधे मातीचा गोळा, तो केंद्रक. भोवती तारेची कडी, आणि कड्यांना बांधलेली माझी बटणं म्हणजे म्हणे इलेक्ट्रॉन. गिऱ्हाइकाचा कोट बिनबटणाचा राहिला तरी चालेल, ह्यांचा सोडियम उघडा पडता कामा नये!

सोडियमच्या बाहेरच्या कड्यावर एकच इलेक्ट्रॉन असतो. तेवढं बटण हे मुद्दाम सैल बांधायला लावतात. कुणी ओरडलं, "सर, पडलं!" की ह्यांचं ठरलेलं उत्तर, "पडलं नाही, दिलं. सोडियम एक देऊन टाकतो आणि निवांत होतो."

आमच्या एकुलत्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा शेजारणीने विचारलं, "कुठे दिलीत मुलगी?"

लेक फणकारली, "मी काय सोडियमचं बटण आहे, द्यायला?"

हे हसलेसुद्धा नाहीत. चहात बिस्कीट बुडवत बसले.

"आई, मी जाणार याचं बाबांना काही वाटतंय की नाही गं?" लेक मला रोज विचारायची. सासरी निघायच्या दिवशी ती ह्यांच्यासमोर उभीच राहिली. ह्यांनी तिच्या बॅगेची चाकं तपासली. "एक कुरकुरतंय," म्हणाले. बस्स! ती रडतच गेली. दगडालाही पाझर फुटतो, ह्यांना नाही. असा संताप झाला माझा!

दुसऱ्या दिवशी हे जेवणाचा डबा घरीच विसरले. मी तणतणत शाळेत गेले, तर सगळा वर्ग जमिनीवर रांगतोय आणि एका बाकाखालून ह्यांचे पाय बाहेर आलेले.

"सोडियमचं बटण पडलंय, काकू," एक मुलगी म्हणाली. मग बाकाखाली वाकून, "पण सर, ते दिलेलं असतं ना?"

"दिलेलंच आहे," खालून आवाज आला. "पण नीट पोचली का, ते बघायला नको?"

"पोचलं, सर. बटण ते."

"हं. पोचलं."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मेला तो राग कुठल्या कुठे गेला. मी लेकीला फोन लावला आणि बाकाखाली सरकवला.

"बाबा?" पलीकडून आवाज आला.

ह्यांनी घसा खाकरला. "चाक कुरकुरतंय का गं अजून?"